कॉलेज आणि कंपनी मिळून मल्टिकोर प्रोसेसर: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

इंदुरात कॉलेज आणि कंपनी यांनी मिळून केलेल्या मल्टिकोर प्रोसेसरच्या, म्हणजे एकाच चिपवर अनेक कोर (स्वतंत्र गणना करणारे भाग) असलेल्या प्रोसेसरच्या, चार प्रकल्पांत मी या ना त्या नात्याने बसलो आहे. कधी कंपनीच्या बाजूने, कधी कॉलेजचा सल्लागार म्हणून. चारही ठिकाणी सुरुवात सारखीच झाली. सकाळी सामंजस्य करारावर सह्या, शाल-श्रीफळ, फोटो, पोहे-जिलेबी. आणि तिसऱ्या दिवशी मुलं व्हेरिलॉग (हार्डवेअरचं वर्णन करायची भाषा) लिहायला बसलेली. प्रोसेसरवर चालवायचं काय, मालकी कोणाची, तपासणार कोण, हे प्रश्न सहा महिन्यांनी निघाले. तोवर चार कोर तयार होते आणि त्यांच्यासाठी काम नव्हतं. आधी कळस मग पाया.

मुलांची हुशारी कधीच कमी पडली नाही. चुकला तो क्रम. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने करा. सिमरोलची आयआयटी असो, खंडवा रोडवरचं आयईटी-डीएव्हीव्ही किंवा एसजीएसआयटीएस असो, नाहीतर एखादं छोटं खासगी कॉलेज. क्रम बदलत नाही, फक्त प्रत्येक टप्प्याला लागणारा वेळ बदलतो.

टप्पा १: कंपनीकडून प्रोसेसर मागू नका, प्रोग्रॅम मागा

पहिल्या बैठकीत एकच प्रश्न विचारा: तुमचा कोणता प्रोग्रॅम आज हळू चालतो? उत्तर नुसतं "एआय" आलं तर चहा प्या आणि पुढची तारीख घ्या. हवं आहे ते असं: कंपाइल होणारा कोड, खऱ्या इनपुटची फाइल, आज तो कोणत्या मशीनवर किती सेकंद घेतो, आणि किती वॅटमध्ये किती सेकंदांत व्हायला हवा.

एक उदाहरण घेऊ. पीथमपूरच्या एखाद्या कारखान्यात मोटारींच्या कंपनांवर नजर ठेवायची आहे. सोळा सेन्सर, प्रत्येकाच्या सिग्नलचं फूरिये रूपांतर वेगळं. हा भाग समांतर. शेवटी सगळ्यांचे निकाल एकत्र करून "मोटार बंद करा की नको" हे ठरवायचं. हा भाग एकेरी. समजा या एकेरी भागाला एकूण वेळेच्या १० टक्के लागतात. आता ॲमडालच्या नियमाने (कोर वाढवले तरी एकेरी भाग तेवढाच वेळ घेतो) हिशेब करा: ४ कोरवर वेग साधारण ३.१ पट, ८ कोरवर ४.७ पट, १६ कोरवर ६.४ पट. कोर कितीही वाढवले तरी १० पटीच्या वर जाणार नाही. हा हिशेब फळ्यावर मांडला की "आपण ६४ कोर करू या" म्हणणारा माणूस आपोआप गप्प होतो.

दुसरा हिशेब मेमरीचा. हा जवळजवळ सगळेच विसरतात. डीडीआर४-३२०० या प्रकारच्या मेमरीचं एक चॅनेल सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ गिगाबाइट देतं. दोन लांब ॲरे वाचायचे, एकाला स्थिरांकाने गुणून बेरीज करायची आणि तिसऱ्या ॲरेत लिहायचं, एवढं साधं काम डबल प्रिसिजनमध्ये (दर संख्या ८ बाइट) केलं तर प्रत्येक घटकामागे २४ बाइटची ने-आण आणि गणिती क्रिया दोनच. म्हणजे चॅनेल पूर्ण भरून वाहिलं तरी सेकंदाला सुमारे २.१ अब्ज क्रिया. एक गिगाहर्ट्झचा आणि दर सायकलला एक गुणाकार-बेरीज करणारा एकच कोर जवळपास तेवढ्या करतो! दुसरा, तिसरा, चौथा कोर नुसता मेमरीच्या दारात रांग लावून उभा राहणार.

तपासा: कंपनीचा प्रोग्रॅम साध्या लॅपटॉपवर ओपनएमपीने (काम अनेक थ्रेडवर, म्हणजे समांतर धाग्यांवर, वाटायची सोय) १, २ आणि ४ थ्रेडवर चालवा. तिथेच वेग वाढत नसेल तर तुमच्या चिपवर वाढेल अशी आशा धरू नका. आधी प्रोग्रॅम सुधारा. कधी कधी प्रकल्प इथेच संपतो आणि कंपनी खूश होऊन घरी जाते. तेही चालतं.

टप्प्याच्या शेवटी हातात एक पान हवं: प्रोग्रॅम, इनपुट, आजचा वेळ, हवा असलेला वेळ, वीज, किंमत. दोन्ही बाजूंनी त्यावर सही करायची. पुढे भांडण झालं की हेच पान काढायचं आहे.

टप्पा २: कागद, आणि ते पहिल्या ओळीच्या कोडआधी

सामंजस्य करार म्हणजे प्रकल्पाचा करार नव्हे. पहिला फोटोसाठी असतो, दुसऱ्यात पैसे, तारखा आणि मालकी असते. दुसरा झाल्याशिवाय कोणी गिटहबचं खातं उघडू नये.

सही कोणाची? विभागप्रमुखाची नाही. विभागाला कायद्याने स्वतंत्र अस्तित्व नसतं. विद्यापीठाच्या किंवा संस्थेच्या वतीने कुलसचिव, संचालक किंवा त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती सही करते. कंपनीकडूनही सही करणाऱ्याला तसा अधिकार आहे याचा कागद मागा. मागताना संकोच वाटतो, इंदुरात तर जास्तच, कारण समोरचा बहुधा कोणाचा तरी मामेभाऊ निघतो. तरी मागा.

मालकीचे दोन ढीग करा. पहिल्या ढिगात प्रकल्पाआधी ज्याच्याकडे जे होतं ते: कंपनीचा कोड, प्राध्यापकांचं जुनं डिझाइन. ते ज्याचं त्याचंच राहतं, समोरच्याला फक्त या प्रकल्पापुरतं वापरायला मिळतं. त्याची यादी परिशिष्टात लावा, फाइलींच्या नावांसकट. दुसऱ्या ढिगात प्रकल्पात नव्याने तयार झालेलं. इथे हमखास लिहिलं जातं, "दोघांचं अर्धं-अर्धं." ऐकायला न्याय्य वाटतं, पण पेटंट कायदा, १९७० चं कलम ५० वाचा: वेगळं काही ठरलेलं नसेल तर प्रत्येक सहमालक पेटंट स्वतः वापरू शकतो, पण दुसऱ्याच्या संमतीशिवाय कोणाला लायसन्स देऊ शकत नाही किंवा आपला हिस्सा विकू शकत नाही. म्हणजे उद्या कंपनीला ग्राहक मिळाला आणि कॉलेजची समिती तीन महिने बसलीच नाही, तर भिजत घोंगडं. त्यापेक्षा मालक एक ठरवा, दुसऱ्याला कायमचा वापर-हक्क द्या आणि उत्पन्नाची टक्केवारी लिहून टाका.

विद्यार्थ्यांचं काय? विद्यार्थी कॉलेजचा नोकर नाही. त्याने लिहिलेला कोड केवळ लॅबमध्ये बसून लिहिला म्हणून कॉलेजचा होत नाही. प्रत्येक मुलाकडून लेखी हस्तांतरण-पत्र घ्या, आणि पहिला कोड टाकण्याआधी घ्या. नंतर मुलगा बंगळुरूला नोकरीला लागतो, फोन उचलत नाही आणि त्याचा मॉड्यूल चिपच्या मधोमध बसलेला असतो. दोन मुलांमागे मी स्वतः असा महिनाभर फिरलो आहे. एकाची सही शेवटी त्याच्या साखरपुड्यात घेतली.

प्रसिद्धीचं कलम: पेपर पाठवण्याआधी कंपनीला तो किती दिवस पाहायला मिळेल ते आकड्यात लिहा, ३० ते ४५ दिवस पुरतात. "योग्य मुदतीत" असं मोघम लिहू नका. पेटंट घ्यायचं असेल तर अर्ज आधी, पेपर नंतर. प्रोव्हिजनल अर्ज टाकला की पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात, तेवढ्यात पेपर निवांत छापून होतो.

सावधान: कॉलेजच्या टेक-फेस्टमधलं पोस्टर, थिसिसचं खुलं सादरीकरण, लिंक्डइनवर टाकलेला ब्लॉक डायग्रॅम, हे सगळं प्रसिद्धीतच मोडतं. नव्या कल्पनेचं चित्र भिंतीवर लावायच्या आधी अर्ज गेला आहे का ते बघा.

चिपच्या लेआउटला पेटंटपेक्षा वेगळं संरक्षण मिळतं, ते २००० च्या सेमीकंडक्टर लेआउट-डिझाइन कायद्याखाली. नोंदणी १० वर्षं टिकते. बहुतेकांना हा कायदा माहीतच नसतो. आत्ता एवढंच लिहून ठेवा की नोंदणी कोण करणार.

पैशांबद्दल थोडंसंच. प्रायोजित संशोधन आणि कन्सल्टन्सी यांची बिलं वेगळी, त्यांचे कर वेगळे, संस्थेचा ओव्हरहेड वेगळा. कॉलेजच्या लेखा विभागात आधी जाऊन या. करार झाल्यावर गेलात तर ते फाइल परत पाठवतील. हप्ते महिन्यांना नव्हे, कामाच्या टप्प्यांना जोडा.

टप्पा ३: दोन कॅलेंडरं एका कागदावर

कंपनीचं वर्ष तिमाहीत चालतं, कॉलेजचं सेमिस्टरमध्ये. प्रकल्प कसा दगावतो पाहा: अंतिम वर्षाची चार मुलं जानेवारीपर्यंत तयार होतात, मे महिन्यात पास होऊन जातात आणि जुलैत नवी चार मुलं "सर, हा प्रोसेसर म्हणजे नक्की काय?" इथपासून सुरू करतात.

उपाय महागडा नाही. प्रत्येक मॉड्यूलला दोन माणसं नेमा, एक अंतिम वर्षाचा आणि एक त्याच्या मागच्या वर्षाचा. एमटेक आणि पीएचडीच्या मुलांना सगळ्या मॉड्यूलना जोडणारी कामं द्या: इंटरकनेक्ट (कोर आणि मेमरी जोडणारं जाळं), मेमरी, टेस्टबेंच (तपासणीचा सांगाडा). कंपनीने आठवड्यातून निदान एक पूर्ण दिवस एक अनुभवी इंजिनिअर लॅबमध्ये बसवावा. महिन्यातून एकदा येऊन प्रेझेंटेशन बघणारा साहेब नको.

मग दोन्ही कॅलेंडरं एका कागदावर काढा. प्रॅक्टिकल परीक्षा, दिवाळी, कंपनीचा मार्चअखेर. रंगपंचमीसुद्धा. बाहेरगावच्या भागीदाराला हे सांगितल्याशिवाय कळत नाही. एकदा डिझाइन गोठवायची तारीख नेमकी रंगपंचमीला पडली. गेर (रंगांची मिरवणूक) निघालेली, राजवाड्याकडचे सगळे रस्ते बंद, आणि पलीकडून फोनवर विचारत होते, "आज सुट्टी कसली?"

तपासा: ठरलेल्या प्रत्येक कामापुढे माणूस आणि तारीख आहे का? आमच्याकडे "हो जाएगा" हा होकारही असतो आणि नकारही. इतिवृत्तात तो शब्द दिसला की खोडा आणि तारीख लिहा.

टप्पा ४: पाया निवडा, शून्यातून कोर लिहू नका

कंपनीच्या पैशाने स्वतःचा इन्स्ट्रक्शन सेट (प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांचा संच) बनवण्याचा मोह आवरा. रिस्क-फाइव्ह हा खुला संच घ्या. तो वापरायला परवाना-शुल्क नाही, कंपायलर आणि लिनक्स तयार आहेत. तयार कोरही भरपूर: आयआयटी मद्रासचा शक्ती, सी-डॅकचा वेगा, बर्कलीचा रॉकेट, ईटीएच झ्युरिकमधून निघालेले सीव्हीए६ आणि सीव्ही३२ई४०पी. शेवटच्या दोघांना आता ओपनएचडब्ल्यू ही संस्था सांभाळते. अनेक कोर जोडायला प्रिन्स्टनचं ओपनपिटॉन आहे.

निवडताना वेगाच्या तक्त्याआधी दोन गोष्टी पाहा. पहिली, तो कोर कोणत्या भाषेत लिहिला आहे. शक्ती ब्लूस्पेकमध्ये आहे, रॉकेट चिझेलमध्ये. त्यातून निघणारं व्हेरिलॉग माणसांनी वाचण्यासाठी नसतं. मुलांनी ते निघालेलं व्हेरिलॉगच हाताने दुरुस्त केलं, तर मूळ कोड पुन्हा चालवल्याबरोबर सगळी दुरुस्ती पुसली जाते. टीमला ती भाषा शिकायची नसेल तर सिस्टिमव्हेरिलॉगमधला कोर घ्या. दुसरी, प्रत्येक ब्लॉकचं लायसन्स. बीएसडी, अपाची, सोल्डरपॅड असेल तर कंपनीला सहसा अडचण येत नाही. जीपीएल असेल तर वकिलाला विचारा. ही यादी शेवटी नव्हे, ब्लॉक घेतला त्याच दिवशी लिहा.

आता समांतर गणनेचा कळीचा निर्णय: कोर एकमेकांशी बोलणार कसे? दोन रस्ते आहेत. एकात प्रत्येक कोरला स्वतःचा कॅश (कोरजवळची छोटी वेगवान मेमरी), आणि एकाने बदललेलं दुसऱ्याला दिसावं म्हणून कोहेरन्सचं हार्डवेअर. दुसऱ्यात कॅशच नाही. सगळ्या कोरना जवळची एक सामाईक स्क्रॅचपॅड मेमरी, आणि बाहेरचा डेटा डीएमएने (कोरला न गुंतवता डेटा हलवणारं हार्डवेअर) आत-बाहेर करायचा. माझं स्पष्ट मत: कॉलेज-कंपनीच्या पहिल्या चिपला कोहेरन्स नको. एमईएसआय या कोहेरन्स पद्धतीच्या चार अवस्था वर्गात दोन तासांत शिकवून होतात. हार्डवेअरमध्ये मात्र एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाताना मधल्या कितीतरी अर्धवट अवस्था येतात: विनंती गेली, उत्तर आलं नाही, तेवढ्यात त्याच ओळीसाठी (कॅशमधल्या डेटाच्या तुकड्यासाठी) दुसऱ्या कोरची मागणी आली. चुका तिथेच लपतात आणि त्या शोधायला एक सेमिस्टर पुरत नाही. वरच्या कंपनांच्या उदाहरणाला स्क्रॅचपॅड अगदी पुरेसा आहे. एकापेक्षा जास्त कोरवर लिनक्स चालवायचंच असेल, तर तपासलेलं कोहेरन्स ओपनपिटॉनसारख्या ठिकाणाहून जसंच्या तसं घ्या आणि त्याला हात लावू नका.

सावधान: कॅश असलेल्या डिझाइनमध्ये दोन कोरचे वेगवेगळे काउंटर एकाच ६४ बाइटच्या ओळीत शेजारी ठेवले, तर ती ओळ दोघांत चेंडूसारखी फेकली जाते आणि चार कोर मिळून एका कोरपेक्षा हळू चालतात. "हार्डवेअरमध्ये बग आहे" म्हणून आलेल्या तक्रारींत ही निम्म्या वेळा निघते. चूक प्रोग्रॅमची असते.

टप्पा ५: टूल्स आणि सर्व्हर

इथे एकच मोठी चूक होते, पण ती कंपनीला कोर्टात नेऊ शकते. कॉलेजला मिळालेली डिझाइन टूल्सची लायसन्स शिक्षण आणि संशोधनासाठी असतात. त्यांवर कंपनीचं विक्रीचं उत्पादन बनवायचं नसतं. २०२२ पासूनच्या चिप्स टू स्टार्टअप योजनेत संस्थांना बंगळुरूच्या सी-डॅकमधल्या चिपइन केंद्रातून टूल्स मिळतात. त्यांच्या अटी करारासोबत जोडा आणि दोन्ही बाजूंच्या माणसांना वाचायला लावा. विक्रीसाठीचं काम कंपनीच्या स्वतःच्या लायसन्सवर, कंपनीच्या मशीनवर. कंपनी देशी स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर डिझाइन लिंक्ड इन्सेंटिव्ह योजनेत अर्ज अजून घेतात का ते पाहावं. तीत पात्र खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत, अर्जामागे जास्तीत जास्त १५ कोटींपर्यंत परतफेडीची तरतूद होती. रोजच्या सिम्युलेशनला व्हेरिलेटर चालतो, तो फुकट आहे.

बाकी किरकोळ, पण घात करणाऱ्या गोष्टी. लायसन्स सर्व्हर एका ठरावीक मशीनच्या ओळखीला बांधलेला असतो. एका कॉलेजात तपासणी समिती येणार म्हणून लॅबला रंग दिला, मशीन हलवली, जाताना एकाने नेटवर्क कार्ड बदललं आणि सगळी टूल्स आठवडाभर बंद. मशीनवर मोठ्या अक्षरात लिहा: हलवू नये. मे महिन्यात सर्व्हर रूमचा एसी रात्री बंद होतो का ते वॉचमनला विचारा, प्राचार्यांना नाही. आणि किल्ली साडेपाचला घरी जाणाऱ्या एकाच माणसाकडे असू नये.

टप्पा ६: आधी तपासणी, मग आरटीएल (हार्डवेअरचा कोड)

प्रकल्पाचा निम्म्याहून जास्त वेळ इथे जायला हवा. प्रत्यक्षात जातो तो उरलेला पंधरवडा. म्हणून सक्तीचा नियम करा: ज्या ब्लॉकची टेस्ट लिहिली नाही, तो ब्लॉक मुख्य शाखेत येणार नाही. टेस्ट लिहिणारा आणि ब्लॉक लिहिणारा वेगळा. एकाच मुलाने दोन्ही केलं, तर त्याचा गैरसमज दोन्हीकडे सारखाच उतरतो आणि टेस्ट आनंदाने पास होते.

एका कोरची तपासणी त्यातल्या त्यात सोपी. तोच प्रोग्रॅम स्पाइक या रिस्क-फाइव्ह सिम्युलेटरवर आणि तुमच्या आरटीएलवर चालवा आणि प्रत्येक इन्स्ट्रक्शननंतर रजिस्टरं जुळतात का बघा. पहिली विसंगती दिसली की थांबा. दोन कोर आले की ही पद्धत तशीच लागू होत नाही, कारण कोणत्या कोरने आधी लिहिलं यावर वाचलेली किंमत अवलंबून असते. स्पाइकचा क्रम वेगळा, तुमचा वेगळा, आणि दोन्ही बरोबर असू शकतात. मुलं इथे दोन आठवडे खोट्या चुका शोधत बसतात.

अनेक कोरसाठी लिटमस टेस्ट (मेमरीतल्या वाचण्या-लिहिण्याचा क्रम तपासणारे इवलेसे प्रोग्रॅम) वापरा. त्यातली सर्वांत छोटी मी फळ्यावर अशी लिहितो. डेटा आणि फ्लॅग, दोन्ही सुरुवातीला ०.

कोर ०: डेटामध्ये ४२ लिही. मग फ्लॅगमध्ये १ लिही.
कोर १: फ्लॅग वाच. मग डेटा वाच.

कोर १ ला फ्लॅग १ दिसला, पण डेटा ० दिसला. बग आहे का? वर्गात सगळे हात वर करतात. नाही! रिस्क-फाइव्हच्या मेमरी मॉडेलमध्ये मध्ये फेन्स (आधीचं वाचणं-लिहिणं झाल्याशिवाय पुढचं नको, असं सांगणारी आज्ञा) नसेल तर हे चालतं. आता दोन्ही बाजूंना दोन ओळींच्या मध्ये फेन्स टाका. त्यानंतर हा निकाल लाखातून एकदा जरी आला तरी तो खरा बग. तो आला तर मी सर्वांत आधी स्टोअर बफर (मेमरीत जायची वाट पाहणाऱ्या लिखाणाची रांग) पाहतो: तो रिकामा व्हायच्या आतच फेन्स "झालं" म्हणून मोकळा होत असतो.

उलट फसवणूकही होते. तुमचा साधा, एकापाठोपाठ एक चालणारा कोर तो विचित्र निकाल कधी दाखवतच नाही. मुलं ठरवतात की फेन्सची गरज नाही, आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून काढून टाकतात. पुढच्या आवृत्तीत बफर वाढतो आणि दोन वर्षं नीट चाललेला प्रोग्रॅम एका रात्रीत वेडं बोलू लागतो.

तपासा, आरटीएल गोठवण्याआधी:

१. सर्व कोर एकाच लॉकसाठी झगडत असताना प्रत्येकाला तो कधी ना कधी मिळतो का? एलआर-एससीची (लॉक घेताना वापरायच्या आज्ञांच्या जोडीची) लूप १६ इन्स्ट्रक्शनच्या आत आहे का, आणि मध्ये दुसरं लोड-स्टोअर नाही ना? या मर्यादेत राहिलात तरच प्रगतीची हमी मिळते.
२. इंटरकनेक्टच्या सगळ्या रांगा एकाच वेळी भरल्या तर डेडलॉक (सगळे एकमेकांची वाट बघत अडकणं) होतो का? रांगांची लांबी मुद्दाम १ करून चालवा. लपलेले डेडलॉक तासाभरात वर येतात.
३. एका क्लॉकमधून दुसऱ्या क्लॉकमध्ये जाणारी प्रत्येक तार यादीत आहे का?
४. टप्पा १ मधला कंपनीचा प्रोग्रॅम, खऱ्या इनपुटवर, पूर्ण चालला का? "तसाच एक छोटा प्रोग्रॅम" चालणार नाही.

टप्पा ७: एफपीजीए, आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा

डिझाइन एफपीजीएवर (हवं ते हार्डवेअर भरता येणारी तयार चिप) नक्की चालवा. सिम्युलेशनला जिथे आठवडा लागतो तिथे इथे मिनिटं लागतात. पण एफपीजीए तीन बाबतींत खोटं बोलतो.

पहिली रीसेटची. एफपीजीएमध्ये चालू होताच प्रत्येक फ्लिप-फ्लॉपला (एक बिट साठवणाऱ्या घटकाला) ठरलेली किंमत असते. चिपमध्ये तिथे ० असेल की १, देव जाणे. आमच्या एका डिझाइनमध्ये आर्बिटरच्या (कोणाची पाळी ते ठरवणाऱ्या ब्लॉकच्या) एका दोन बिटच्या काउंटरला रीसेटच जोडला नव्हता. एफपीजीएवर तीन आठवडे अखंड चाललं, कंपनीचे लोक येऊन टाळ्या वाजवून गेले. मग गेट-लेव्हल सिम्युलेशन लावलं तर पडदाभर लाल एक्स: पहिल्याच सायकलपासून चारही कोर अनिश्चित. दोन बिट! लिंट टूलने (कोडमधल्या संशयास्पद जागा दाखवणाऱ्या टूलने) तो इशारा पहिल्या दिवशीच दिला होता, आठशे इशाऱ्यांच्या यादीत. तेव्हापासून माझ्या प्रकल्पात लिंटची यादी शून्यावर आणल्याशिवाय एफपीजीए बोर्ड कपाटातून निघत नाही.

दुसरी मेमरीच्या सुरुवातीच्या मजकुराची. एफपीजीएची ब्लॉक रॅम तुमचा बूट प्रोग्रॅम भरूनच उठते. चिपमधल्या एसरॅममध्ये सुरुवातीला कचरा असतो. बूट रॉम वेगळी लागते.

तिसरी वेगाची. एफपीजीएवर कोर ५० मेगाहर्ट्झवर रेंगाळतो, पण बाहेरची डीरॅम तीच खरी असते. १०० नॅनोसेकंदांची वाट म्हणजे तिथे फक्त ५ सायकल. एक गिगाहर्ट्झच्या चिपवर तीच १०० सायकल. म्हणून "एफपीजीएवर चार कोरना ३.८ पट वेग मिळाला" हे वाक्य अहवालात लिहू नका. डीरॅमला मुद्दाम उशीर लावून मोजा, मग लिहा.

टप्पा ८: टेपआउट

टेपआउट म्हणजे डिझाइन चिप बनवायला पाठवणं. सगळ्यांनाच चिप लागते असं नाही. कंपनीची गरज एफपीजीएवर भागत असेल तर हा टप्पा आणि टप्पा ९ सोडून द्या.

चिप करायचीच असेल तर आधी मोहालीच्या एससीएल या सरकारी चिप कारखान्याच्या १८० नॅनोमीटर प्रक्रियेचा विचार होतो. तिथे लॉजिकपेक्षा मेमरी जागा खाते. मोठे कॅश आणि लिनक्सची स्वप्नं बाजूला ठेवा. दोन-चार छोटे कोर आणि मोजकी स्क्रॅचपॅड मेमरी, एवढंच धरा. मेमरीचे ब्लॉक किती, कोणत्या आकाराचे, हे आरटीएल लिहिण्याच्या आधीच फाउंड्रीच्या (चिप बनवणाऱ्या कारखान्याच्या) यादीतून ठरवा. नंतर आकार बदलला की इंटरकनेक्टही बदलतो.

फाउंड्रीची डिझाइन किट गोपनीयता करारावर मिळते. तिच्यातली एकही फाइल गिटहबवर, व्हॉट्सॲपवर किंवा थिसिसच्या परिशिष्टात जाता कामा नये. लेआउटचा झूम केलेला स्क्रीनशॉटसुद्धा. मुलांना हे तोंडी सांगून पुरत नाही. किट फक्त एका सर्व्हरवर ठेवा आणि कॉपी करण्याची मुभाच काढून घ्या.

शटलची (अनेकांच्या चिपा एकत्र बनवणाऱ्या फेरीची) तारीख कोणासाठी थांबत नाही. तिच्या सहा आठवडे आधी नवीन काहीही घ्यायचं नाही, "फक्त एक छोटा बदल सर" हासुद्धा नाही. चिप आतून तपासायच्या सोयी, म्हणजे स्कॅन चेन, जेटॅग आणि मेमरीची अंगभूत चाचणी, जागा वाचवण्यासाठी काढू नका. प्रत्येक कोर वेगळा बंद करता येईल असं बिट ठेवा. चारपैकी एक मेला तरी तीन कोरची चिप हातात उरते.

टप्पा ९: चिप आल्यावर

पॅकेट उघडण्याआधी बोर्ड तयार हवा, आणि बोर्डावर प्रत्येक सप्लायला करंट मोजायची सोय. चिप येईपर्यंत काही महिने जातात, तोवर ज्याने पॅड-रिंग (चिपच्या कडेच्या जोडण्या) काढली तो मुलगा नोकरीला लागलेला असतो. पिनांचा तक्ता त्याच्याकडून जाण्याआधी सहीनिशी घ्या.

चालू करण्याचा क्रम मोडू नका: सप्लाय दिला, करंट अपेक्षेएवढा आहे. क्लॉक दिलं. जेटॅगने ओळख-क्रमांक वाचला. मेमरी चाचणी. एकच कोर, बाकी बंद, यूएआरटीवर (साध्या सीरियल जोडणीवर) एक अक्षर. मग दुसरा कोर. मग दोघांत लॉक. मग सगळे. कंपनीचा प्रोग्रॅम सगळ्यांत शेवटी, आणि आधी कमी क्लॉकवर. मुलं थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतात, पडद्यावर काही येत नाही, आणि दोष सप्लायमध्ये आहे की कोहेरन्समध्ये हे सांगायला काहीच हातात नसतं.

प्रत्येक चिपला मार्करने नंबर द्या आणि एका वहीत नंबर, व्होल्टेज, करंट, कोणते कोर चालले आणि कोणत्या क्लॉकपर्यंत, हे त्याच दिवशी लिहा. वही लॅबमध्येच राहील, आणि तिची झेरॉक्स दर शुक्रवारी कंपनीकडे जाईल. चार-पाच चिपा अँटिस्टॅटिक पिशवीत न उघडता कपाटात ठेवा. पाहुण्यांना दाखवायला त्या काढू नका, पाहुण्यांना आधीच मेलेली चिप दाखवली तरी चालते.